डोकी मोजून बोट सोडावी

लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर मी एवढं नक्की सांगू शकते की जयेशला पाणी आवडत नाही. गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यात, चपला हातात धरून, "वाळू फार चिकटते" अशी तक्रार करत उभा होता. तोच माणूस २०२१च्या जानेवारीत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून म्हणाला, "स्वरूपा, उन्हाळ्यात आपण ग्रीसमध्ये यॉट भाड्याने घ्यायची. बेटाबेटांवरून फिरायचं. आणि यॉट मी चालवणार."

मी म्हटलं, "भाजी वाढू का?"

लॉकडाऊनमध्ये माणसांना काय काय झालं. आमच्या शेजारणीने कोंबड्या पाळल्या, माझ्या ऑफिसातल्या एकाने परसात पिझ्झाची भट्टी बांधली. आमच्या घरात जहाज झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी होती, आणि आयर्लंडात, कॉर्क शहराजवळ कॅरिगलाईनमधल्या आमच्या घरापासून तेवढ्यात येतात दोन सुपरमार्केटं, एक शाळा आणि रिंगास्किडीचे कारखाने. जयेश रिंगास्किडीला एका औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशनमध्ये आहे. काल जे मशीन चालत होतं ते आजही चालतं, हे कागदावर सिद्ध करून खाली सही करायची, हे त्याचं काम. कारखान्यासमोर कॉर्कचं बंदर. तिथे नांगरून पडलेल्या शिडाच्या बोटी रोज जाता-येता बघून त्याला वाटलं, ही मशीनंही आपण सहीने चालवू.

बोट दोन तऱ्हांनी भाड्याने मिळते, असं त्याने मला समजावलं. एक, बोटीसकट स्किपर, म्हणजे बोट हाकणारा माणूस. आणि दुसरी नुसती बोट. हाकणारा आपला आपण आणायचा.

"अनोळखी माणूस कशाला घ्यायचा आपल्यात?" जयेश म्हणाला. "प्रायव्हसी नाही राहत. मी कोर्स करतो. थिअरी ऑनलाइन आहे."

पोहणं, मोटार आणि संसार या तीन गोष्टी थिअरीवर येत नाहीत असं माझी आई म्हणायची. तिने बोट पाहिली नव्हती, नाहीतर चौथीही घातली असती.

मी त्याला पहिल्याच दिवशी एकच प्रश्न विचारला. "माझ्या व्हिसाचं काय?"

हे जरा सांगायला हवं. आमच्या बेडरूममधल्या प्रेसमध्ये, इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तीन पासपोर्ट असतात. जयेशचा आणि आमच्या लेकीचा, चैत्रालीचा, असे दोन आयरिश. माझा एकटीचा निळा, भारतीय. जयेश मार्च २०२०च्या सुरुवातीला किलार्नीला नागरिकत्वाच्या समारंभात टाळ्यांच्या गजरात आयरिश झाला, नंतर आठवड्याभरात देश बंद पडला. माझा अर्जही तेव्हा भरून तयार होता. पण तो म्हणाला, "आपल्यापैकी एकाकडे इंडियन पासपोर्ट असू दे गं. आईबाबांना नागपूरला काही झालं तर एकाला धावत जाता आलं पाहिजे. आईचंही तेच म्हणणं आहे." आईंचं म्हणणं म्हटल्यावर मी अर्ज ठेवून दिला. माझेच सासूसासरे, वाद काय घालायचा?

आणि धावावं लागलंच. त्याच नोव्हेंबरात बाबा, म्हणजे माझे सासरे दत्तात्रय, न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. जयेशकडे आयरिश पासपोर्ट होता, पण परदेशी पासपोर्टवाल्या भारतीयाला ये-जा करायला लागतं ते ओसीआय कार्ड नव्हतं. त्याचा अर्ज भरायला त्याला सवड झाली नव्हती. त्या काळात कार्डाशिवाय आत घेत नव्हते. मग तोंडावर दोन मास्क आणि वर प्लास्टिकची ढाल लावून मी गेले. महिनाभर बाबांना उठवलं, बसवलं, आईंना विश्रांती दिली. जयेश रोज व्हिडिओवर येऊन मला सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त याचा उंट कॅरिगलाईनला सोफ्यावर होता.

तर माझ्या व्हिसाचं काय, असं मी विचारलं. आयर्लंड युरोपात असलं तरी ग्रीसला जायला भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो, हे इथल्या प्रत्येक देशी माणसाला झोपेत विचारलं तरी माहीत असतं. एका जातीच्या माणसाला मात्र ते आठवत नाही. नुकता आयरिश झालेला.

"लागत नाही," जयेश म्हणाला. "तू युरोपियन नागरिकाची बायको आहेस. मी नियम वाचलाय. डन. इट्स ग्रँड." सगळं ठीक आहे, याला इकडे ग्रँड म्हणतात.

नवऱ्याने ठासून सांगितलेलं खरं मानायची सवय लागते माणसाला. तंबाखूसारखीच, सुटता सुटत नाही.

आमच्याबरोबर येणार होते दिलीप आणि संध्या. दिलीप जयेशच्याच कारखान्यात, मूळचा ठाण्याचा. संध्या त्याची बायको, माझी मैत्रीण, आणि कॉर्क परगण्यातल्या यच्चयावत मराठी बातम्यांचं मुख्य केंद्र. फेब्रुवारीत बोट बुक झाली. ऑगस्टचा तिसरा आठवडा, लेफकादा नावाच्या बेटावरून निघायचं, इथाकाला जायचं, परत यायचं. जयेशने तीस पानांचं प्रेझेंटेशन केलं. पाचव्या पानावर ग्रीसचा नियम होता: स्किपरकडे परवाना हवा, आणि बोटीवर आणखी एका माणसाला तरी बोट चालवता येत असली पाहिजे, आणि तशी त्याने सही द्यायची.

"तो दुसरा दिलीप," जयेश म्हणाला.

मे महिन्यात निर्बंध उठले आणि आम्ही क्रॉसहेवनच्या सेलिंग स्कूलमध्ये गेलो. दिलीप पहिल्याच दिवशी बंदराच्या तोंडाशी, रोचेस पॉइंटच्या अलीकडेच, सकाळचे पोहे समुद्राला अर्पण करून मोकळा झाला. संध्या म्हणाली, तिला केसांना खारा वारा चालत नाही. उरले मी.

"तू नुसती बस," जयेश म्हणाला. "सहीपुरती."

आमची शिक्षिका नुआला. साठीची, आवाज भांड्यावर भांडं आदळल्यासारखा. तिने पहिला धडा धक्क्यावरच दिला. बोट सोडण्याआधी स्किपरचं पहिलं काम म्हणजे डोकी मोजणं. किती माणसं चढली, तितकीच उतरली पाहिजेत. मग मला म्हणाली, "मोज."

मी मोजली. नुआला, जयेश आणि कोर्सला आलेला एक मुलगा. "तीन," मी म्हटलं.

नुआला हसली. "आणि तू काय सामान आहेस? बायका नेहमी तीनच मोजतात. स्वतःला धरून मोज."

जयेशने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मला बोट येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझा आणि समुद्राचा संबंध म्हणजे पापलेटपुरता. पण तिसऱ्या दिवशी नुआलाने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला, वारा शिडात भरला, बोट एका अंगावर कलली, आणि माझ्या हाताला कळलं. कणीक सैल झाली की डोळे मिटूनही हाताला कळतं ना, तसं. जरा सोडायचं, जरा धरायचं. इंजिन बंद होतं, नुसतं पाणी बोटीच्या पोटाला घासल्याचा आवाज. मी मोठ्याने हसले. मला आठवेना की याआधी कुणासाठी काही करत नसताना मी शेवटची कधी हसले होते.

जयेशचं मात्र वेगळं होतं. तो वारा बघायचा तो फोनवर. वारा डोक्यावरून घोंघावत असायचा आणि युअर मॅन, म्हणजे इकडच्या बोलीत 'हा गृहस्थ', ॲप रिफ्रेश करत असायचा. नुआला ओरडली की तो म्हणायचा, "पण मॅन्युअलमध्ये असं नाहीये." एकदा धक्क्याला लागताना त्याने बोट अशी आदळली की शेजारच्या बोटीवर चहा पीत बसलेले म्हातारेबुवा कपासकट उठून उभे राहिले. जयेश म्हणाला, धक्काच जरा पुढे आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

परीक्षेत मी पहिल्याच खेपेला पास झाले, जयेश दुसऱ्या खेपेला. घरी येऊन त्याने कारखान्याच्या ग्रुपवर टाकलं: "क्वालिफाइड स्किपर." माझं नाव 'आणि क्रू'मध्ये आलं. मला त्याचंही काही वाटलं नाही, खरंच. मी रोज इथाकाचा नकाशा बघत होते. कुठल्या खाडीत वारा कुठून येतो, संध्याकाळी कुठे नांगर टाकायचा, मला पाठ झालं होतं. मला तिथे जायचं होतं. त्या निळ्या पाण्यावर, स्वतःच्या हाताने, उघड्या समुद्रात. चाळिशीच्या बाईने असा हट्ट धरू नये म्हणतात, पण मी धरला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

निघायला आठवडा राहिला तेव्हा आमच्या घरी शेवटची मीटिंग झाली. संध्याने भाजणी, मेतकूट आणि थालीपिठाचं पीठ मोजून पिशव्या भरल्या होत्या, जणू आम्ही इथाकाला नाही, काळ्या पाण्यावर चाललो होतो. दिलीपचं म्हणणं, कुकर न्यायचाच, वरणभाताशिवाय त्याला उलटी जास्त होते. बोटीवरची शेगडी लाटांबरोबर झुलते, हे समजल्यावर जयेशने कुकरसाठी वेगळी कार्यपद्धती लिहायला घेतली. शिट्ट्यांची जबाबदारी कोणाची, यावर दोघे अर्धा तास बोलले.

संध्या थेपल्यांचे डबे लावता लावता म्हणाली, "अगं, अलकनंदाचं कळलं का? माझी मावसबहीण, मलिंगारला हॉस्पिटलात नोकरीला आहे ती. गेल्या शनिवारी स्पेनला निघाले होते. नवरा आयरिश, हिचा आपला इंडियन पासपोर्ट. विमानतळावरून परत पाठवलं हिला. व्हिसा कुठाय म्हणाले. नवरा आणि मुलं गेली, ही बसने मलिंगारला परत. तुझा व्हिसा कधी आला गं? बोलली नाहीस."

मी जयेशकडे पाहिलं. त्याच्या हातातला थेपला तोंडाच्या वाटेवर थांबला होता.

"लागत नाही ना?" मी म्हटलं.

"लागत नाही," तो म्हणाला, पण हा आवाज प्रेझेंटेशनमधला नव्हता. त्याने लॅपटॉप ओढला. दिलीप भाजणीच्या पिशवीवरचं नाव वाचायला लागला, मोठं वाङ्मय असल्यासारखं.

नियम होता. सूटही होती. पण ती होती दुसऱ्या युरोपीय देशांतून आयर्लंडला आलेल्या लोकांच्या बायकांसाठी. आयरिश नवऱ्याच्या, आयर्लंडमध्येच राहणाऱ्या बायकोला व्हिसा लागतो. हे त्याच पानावर लिहिलं होतं. जरा खाली.

"म्हणजे मी जर्मन नवरा केला असता तर चाललं असतं," मी म्हटलं.

ज्याच्या हातून औषधाच्या गोळीवर एक ठिपका चुकीचा पडला तर तीन खात्यांना पत्रं जातात, त्या माणसाने बायकोच्या बाबतीत पान खाली सरकवलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्याने धावपळ केली, हे मी नाकारत नाही. व्हिसाच्या अर्जासाठी भेटीची तारीख मिळत होती ती सप्टेंबरातली. त्याने फोन केले, मेल केले, डब्लिनला जाऊन दारात उभं राहायची भाषा केली. मी दर दहा मिनिटांनी ती तारखांची स्क्रीन उघडत होते. एखादी रिकामी होईल, कोणाची तरी सहल मोडेल, कोणीतरी आजारी पडेल. मी चांगली बाई आहे असा माझा समज होता, तो त्या दोन दिवसांत गेला.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला जयेश समोर बसला. गळा साफ केला. मला वाटलं, आता हा म्हणेल की आपण कोणीच जायचं नाही. मी त्यावर काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं: चैत्रालीसाठी तुम्ही जा.

तो म्हणाला, "मी एक विचार केला. तुझी रजा मंजूर झालेलीच आहे. वाया कशाला घालवायची? तू त्या आठवड्यात नागपूरला जाऊन ये. बाबांना चेकअपला न्यायचंच आहे. तुझा पासपोर्ट तिथे चालतो ना."

मी चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला. राग इतका आला होता की कप फुटेल म्हणून तो दोन्ही हातांनी धरावा लागला. याला इथाकाला जायचं होतं, आणि माझ्या रजेलाही त्याने कामाला लावलं होतं.

पण सवय वाईट. दुपारी मी आईंना फोन लावला. म्हटलं, विचारून तर बघू, चेकअप केव्हा आहे. माझ्या सासूबाई, प्रभाताई, नागपूरच्या. जन्मात त्यांनी फोनवर आवाज खाली घेतला नाही.

"तू कायले येते वं?" त्या म्हणाल्या. "तुमचं तं बोटीचं ठरलं होतं ना? चैत्राली किती सांगे, मम्मी बोट चालवते म्हणून."

मी सांगितलं सगळं. व्हिसा नाही, माझा पासपोर्ट भारतीय, ते लोक जातील, मी येते.

"अवं पण तू घेतला काहून नाही तिकडचा पासपोर्ट?"

मला वाटलं, वयाने विसरल्या. "आई, तुम्हीच म्हणाला होतात ना. तुम्हाला काही झालं तर एकाला धावत येता यावं म्हणून."

फोनवर पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"मी तं जयेशले म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तू ठेव म्हटलं आपला पासपोर्ट. माय-बाप तुये हायेत. तिले काहून अडकवते? तं तो म्हणे, आई, स्वरूपालेच नको हाय तिकडचा. तिचा जीव गुंतला हाय म्हणे इंडियात." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मी तं साऱ्या बायांले सांगत होती, सून पाहा माही कशी हाय. तुले इचारलं नव्हतं वं त्यानं?"

"नाही," मी म्हटलं.

"तू नको येऊ आता. चेकअपले शेजारचा रवींद्र नेते यांले. तू नको येऊ."

संध्याकाळी जयेश बैठकीत खुर्चीच्या पायाला दोर बांधून गाठींचा सराव करत होता. मी समोर बसले आणि आई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. तो गाठ सोडवत राहिला. ती सुटत नव्हती. बोटीच्या गाठीचा एकच गुण असतो, ओढल्यावर सुटते. याची तीही नाही.

"मला तो पासपोर्ट हवा होता तेव्हा," तो शेवटी म्हणाला. "खूप वर्षं वाट बघितली होती. आणि दोघांनी सोडला असता तर आईबाबांना वाटलं असतं आपण कायमचे गेलो. कोणीतरी मागे राहायला हवं होतं."

पंधरा वर्षांत इतकं खरं तो पहिल्यांदाच बोलला. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मी वर जाऊन प्रेसमधून माझा पासपोर्ट आणि तो जुना अर्ज काढला, खाली आणून टेबलावर ठेवला.

"ही तारीख शिळी झाली. नवा भरते," मी म्हटलं. "मीही आयरिश होतेय."

जयेशने दोर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून जे आलं ते त्याने ठरवून म्हटलं नसणार.

"मग नागपूरला कोण धावणार?"

व्हिसा चुकला याचं मला अजून वाईट वाटत होतं, पण त्या क्षणी ते मागे पडलं. हा मला विसरला नव्हता. विसरायला आधी मोजावं लागतं.

"ओसीआयचा अर्ज भर," मी म्हटलं. "तू स्किपर आहेस ना. डोकी मोज."

ते गेले. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. संध्या गळ्यात पडून रडली, दिलीपने कुकर हातात धरला होता, तो सामानात जात नव्हता. जयेश जाताना म्हणाला, "रोज व्हिडिओ कॉल करू." चैत्रालीला मराठी समजतं, पण आजीशी मोडकंतोडकं सोडलं तर ती बोलत नाही; तिने मला घट्ट मिठी मारली आणि बापाकडे बघून कॉर्कच्या सुरात म्हणाली, "डॅड, वी आर वन शॉर्ट." तो तिला म्हणाला, चल, रांग पुढे गेली.

दुसऱ्या माणसाच्या जागी दिलीपने सही केली होती. बोट सोपवण्याआधी लेफकादाचा बोटवाला म्हणाला, जरा बंदरातून बाहेर काढून दाखवा. जयेशने काढली. पुढचं मला चैत्रालीकडून फोनवर कळलं, रविवारी, मी क्रॉसहेवनच्या धक्क्यावर उभी असताना.

"मॅम," ती म्हणाली, कॉर्कच्या पोरी आईला मॅमच म्हणतात, "डॅड्स नॉट अलाउड ड्राइव्ह द बोट." तिथला धक्काही जरा पुढे असावा. त्यांच्याबरोबर आता पंचविशीतली एक ग्रीक मुलगी होती, एलेनी, तीच आठवडाभर बोट चालवणार. जयेशला प्रायव्हसी हवी होती, ती भांड्यांच्या मोरीजवळ मिळाली. शिट्ट्या तोच मोजत होता.

"डॅडला फोन देऊ?" चैत्राली इंग्रजीत म्हणाली. "तो विचारतोय तू काय करतेयस."

"सांग, मम्मी कामात आहे," मी म्हटलं, आणि फोन बंद करून पिशवीत टाकला.

मला हसू आलं होतं, हे खरं. आणि हसता हसता पोटात दुखत होतं, तेही खरं. इथाकाची ती खाडी, संध्याकाळी वारा उत्तरेकडून येतो ती, मला नकाशावरून पाठ होती आणि आत्ता तिथे दुसरीच कोणी सुकाणू धरून होती. ग्रँड वगैरे काही नव्हतं.

कॉर्कचं पाणी निळं नसतं. करडं असतं, ऑगस्टातही हात बुडवला तर हाडापर्यंत लागतं. पण त्याला व्हिसा लागत नाही. नुआला शिडाचे दोर सारखे करत होती. आज मी बोट रोचेस पॉइंटच्या बाहेर, उघड्या समुद्रात नेणार होते. ती फक्त बसणार होती.

"निघायचं?" तिने विचारलं. "डोकी किती?"

मी मोजली. या खेपेला स्वतःपासून सुरुवात केली.

"दोन," मी म्हटलं, आणि दोर सोडला.